यादगिरीमामा आणि गाडीचं पोट

यादगिरीमामांना फोन केला की ते गाडीला काय झालंय हे विचारत नसत. "बाराला या," एवढं म्हणत आणि फोन ठेवून देत. सकाळी दहा नाही, दुपारी चार नाही, बाराच. ऐन उन्हाळ्यात सोलापूरसारख्या गावी बारा वाजता घराबाहेर पडायला सांगणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाहीतर भलताच शिष्ट, असं माझं मत झालं होतं. पण दुसरा इलाज नव्हता, म्हणून गेले.

पूर्व भागातल्या एका गल्लीत, टॉवेल विणणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि एक लोखंडी खुर्ची. दोन्हीकडून यंत्रमागांचा असा खडखडाट, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. मामा खुर्चीत स्वस्थ बसले होते. साठी उलटलेले, बुटके, अंगात बाह्यांची बनियन आणि डोक्याला पांढरा ओला टॉवेल गुंडाळलेला. मी काही सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच खूण केली, बसा. मी गाडीतच बसले. मनातून चरफडत होते. बारा वाजले, कारखान्यांची जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली. तेव्हा कुठे मामा उठले.

"चालू करा आता," ते म्हणाले. "हेचं पोट काय बोलतंय ते बगू."

बाराचं गणित असं होतं. त्या गल्लीत गाडीचा आवाज ऐकायला तेवढाच तासभर मिळे.

पोट म्हणजे गिअरबॉक्स. तो शब्द मी त्यांच्या तोंडून फार क्वचित ऐकला. इंजिन म्हणजे डोकं आणि गिअरबॉक्स म्हणजे पोट. "डोक्याची काळजी सगळेच करत्यात. पाणी हाय, पंका हाय. पोटाकडं कोन बगतंय?" असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनवायचे. जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं, पण ऐकून घेतल्याशिवाय बॉनेट उघडलं जात नसे.

माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. चालता येतं, पण क्लच दाबायची ताकद त्यात नाही. राहते सोलापुरात आणि विज्ञान शिकवते वळसंगच्या शाळेत. नोकरीची पहिली अकरा वर्षं मला कुणी ना कुणी सोडायला-आणायला लागे. कधी धाकटा भाऊ सुनील, कधी एखाद्या सहकाऱ्याची स्कूटर, तर कधी कुणाच्या तरी ओळखीची जीप. माणसं सगळी चांगली होती, एकानंही कधी तोंड वाकडं केलं नाही. पण त्यांच्या घरी पाहुणे आले की माझी रजा, त्यांच्या पोराला ताप आला की माझी रजा. रोज संध्याकाळी "उद्या येताय ना?" हे विचारताना मला स्वतःचाच राग यायचा. मग मी बिनक्लचची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची, एक जुनी गाडी घेतली आणि त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या तोंडातून गेला. चार वर्षं मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

आणि त्या एप्रिलात तीच गाडी रुसली. सकाळी ठीक चालायची. दुपारी परतताना अर्ध्या वाटेत इंजिन नुसतं गरजायचं आणि गाडी जागची हलेना. एका मोठ्या वर्कशॉपनं सांगितलं, गिअरबॉक्स गेला, नवा टाका. त्याची किंमत गाडीपेक्षा जास्त होती. सुनील तेव्हा पुण्याला राहत होता. तो फोनवर म्हणाला, "ताई, विकून टाक. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तुझ्या जाण्यायेण्याचं मी बघतो काहीतरी." त्या 'मी बघतो'त मला पुन्हा ती अकरा वर्षं दिसली. जूनमध्ये शाळा उघडणार होती. त्याच्या आत गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर मी पुन्हा कुणाच्या तरी मागच्या सीटवर.

तर त्या पहिल्या दिवशी मामांनी चालू गाडीच्या पोटातली तेलाची पट्टी बाहेर ओढली आणि तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या टॉवेलच्या तुकड्यावर टेकवला. शेजारच्या कारखान्यातले डागी टॉवेल ते आणत आणि त्यांचे तळहाताएवढे तुकडे करून ठेवत. शेडमध्ये आडव्या दोरीवर असे पन्नासेक तुकडे चिमटे लावून टांगलेले होते. मला वाटलं होतं धुणं वाळत घातलंय. नीट पाहिलं तर प्रत्येकावर तेलाचा एक ठिपका आणि खाली बॉलपेननं गाडीचा नंबर. एकाच गाडीचे तीन-तीन वर्षांचे ठिपके शेजारी शेजारी. हीच त्यांची वही.

माझा ठिपका मधे काळा आणि कडेला तपकिरी पसरला. मामांनी तो हुंगला आणि माझ्या नाकाजवळ आणला. करपल्याचा वास होता.

"तेल लाल असतंय, बाई. तुमचं जळालंय." मग सहज विचारल्यासारखं, "रेडिएटरमदी काय घालता?"

"कूलंट," मी ठासून सांगितलं.

"आगु," मामा म्हणाले. आगु म्हणजे तेलुगूत थांब. घरात त्यांची बोली तेलुगू होती आणि हा एक शब्द त्यांच्या मराठीत दर चौथ्या वाक्याला यायचा. गाडी थंड होईतो आम्ही चहा प्यालो. मग त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. नखाखाली पांढरा चुना.

"ह्ये कूलंट बोरचं दिसतंय," ते म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. ते हंड्याकळशांत भरून ठेवायचं, की गाडीत ओतायचं? कूलंट कमी झालं की मी दोन वर्षं बिनदिक्कत बोरचं पाणी ओतत आले होते. मी तसं कबूल केलं.

"शाळेत काय शिकविता तुमी?"

"विज्ञान," मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी दुष्फेन, म्हणजे जड पाण्याचा प्रयोग करते. साबणाला फेस येत नाही, भांड्याला थर बसतो, नळ्या बुजतात, हे सगळं माझ्याच अक्षरात फळ्यावर असतं. मामा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मलाही हसू फुटलं. महिन्याभरात मी पहिल्यांदाच हसत होते.

मग त्यांनी समजावलं. पोटातलं तापलेलं तेल नळीनं रेडिएटरच्या तळाशी येतं, तिथल्या पाण्यात गार होतं आणि परत जातं. "तुमी तितं चुन्याची भित बांदली. तेल गार व्हनार कसं? तसंच गरम परत जातंय, आनि पोट जळतंय." रेडिएटर साफ करून घ्यायचा, तेल दोनदा बदलायचं आणि पुढच्या जाळीत त्या तेलासाठी वेगळा कूलर बसवायचा, असा त्यांचा बेत होता. म्हणजे रेडिएटरमधून निघालेलं तेल पोटात जाण्याआधी वाऱ्यावर आणखी एकदा गार होईल.

"मग गाडी वाचेल?"

"आतल्या प्लेटा किती जळल्या ते मला दिसत न्हाय. वाचली तर वाचली. खोटं कशाला सांगू?" मला त्या क्षणी खोटंच हवं होतं. पण त्यांनी ते सांगितलं नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास टाकला तो तिथे.

मामा मूळचे मागांवरचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मग मस्कतला एका गॅरेजात चौदा वर्षं. तिथे सगळ्याच गाड्या बिनक्लचच्या आणि ऊन आपल्यासारखंच. ती विद्या घेऊन सोलापूरला परतले, तर इथे तशी गाडी औषधालासुद्धा नव्हती. सहा वर्षं त्यांनी पंक्चर काढत वाट पाहिली. त्यांच्या बायको नरसम्मा शेडच्या मागच्याच खोलीतून चहा घेऊन यायच्या आणि मला सांगायच्या, "नवरदेवाचा पत्ता न्हाय आनि ह्यांनी मांडव घालून ठिवला हुता. घरातला नळ गळतोय दोन वर्सं, तेचा आवाज येत न्हाय ह्यांना. गाडीचं पोट कुरकुरलं की चौकातनं ऐकू येतंय." मामा यावर फक्त टॉवेल सारखा करत.

आता कूलरची निवड. सुनील माझा भाऊ असल्यानं त्यानं आठवडाभर मोबाइलवर अभ्यास केला आणि पुण्याहून पार्सल धाडलं. काळाकुळकुळीत, जाडजूड, पट्ट्यांवर पट्ट्या रचलेला कूलर. दिसायला फारच देखणा. मामांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला, "लई भारी माल हाय," म्हणाले आणि बाजूला ठेवून दिला. मी सुनीलला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवला.

"मामा, हा सगळ्यात चांगला प्रकार आहे," सुनील म्हणाला. "साध्या नळीवाल्यापेक्षा जास्त गार करतो."

"करतोय की. कोन न्हाय म्हंतंय?"

"मग बसवा ना."

"दादा, बाईंच्या पोटात जळकी भुकटी हाय. म्हंजी गाडीच्या. ह्यो कूलर म्हंजी उवांची फनी. भुकटी अडकली की धुऊन निगत न्हाय. आनि भाईरनं आमच्या गावाचं तूस बसतंय, टावेलाचं, चादरीचं. नळीवाला म्हंजी मोट्या दाताचा कंगवा. जरा कमी गार करंल, पन बुजनार न्हाय."

"पण ऑनलाइन सगळे हाच सांगतात."

"सांगू द्या की. त्या सगळ्यांची गाडी वळसंगला जात न्हाय."

 मग सुनील म्हणाला, "ताई, तुझं तू बघ." हे मला फार आवडलं. मामांनी मग गाडीच्या पुढच्या जाळीवर वीत टेकवून माप घेतलं. दीड वीत पुरे, याहून मोठा बसवला तर तो एसीचा वारा खाईल आणि तुम्ही आत उकडाल, असा हिशेब होता. भिजक्या टॉवेलखाली राहणाऱ्या माणसानं माझ्या एसीची काळजी करावी, याचं मला नवल वाटलं.

कूलर मिळाला, पण पाइप अडला. तापलेलं तेल सोसणारा पाइप सोलापुरात मिळेना. तो बाहेरून यायला आठ-नऊ दिवस लागणार होते. सुनीलचं गिऱ्हाईक तोवर थांबायला तयार नव्हतं. मी म्हणाले, तात्पुरता रेडिएटरचा पाइप लावा की, रबर ते रबरच.  दारापाशी देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला एक फाटका काळा पाइप टांगलेला होता, तो काढून मामांनी माझ्या हातात दिला. मधेच तो उभा उकलला होता.

"ह्ये माजं काम," ते म्हणाले.

सहा वर्षं वाट पाहिल्यावर गावात आलेली पहिली बिनक्लचची गाडी एका डॉक्टरांची होती. तेव्हाही पाइप चार दिवसांनी येणार होता. पण मामांना दम नव्हता, त्यांनी पाण्याचा साधा पाइप लावून गाडी दिली. आठव्या दिवशी होटगीच्या पुढे तो गरम तेलानं मऊ होऊन फाटला. सगळं तेल रस्त्यावर. डॉक्टरांबरोबर त्यांची म्हातारी आई होती. दोघं दोन तास एका बाभळीखाली बसून राहिली. मामा तिथे पोचले तेव्हा डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. आई मात्र म्हणाली, "बाबा, वेळ लागनार हुता तर सांगायचं. आमी थांबलो असतो की."

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," मामा म्हणाले. पाइप पुन्हा खिळ्याला गेला. मी घरी जाऊन सुनीलला कळवलं की गिऱ्हाईक जाऊ दे.

नऊ दिवसांनी पाइप आला आणि मामांनी दोन दुपारी कूलर बसवला. कामात त्यांनी मलाही धरलं. कुठल्या नळीतून तेल बाहेर येतं आणि कुठलीतून परत जातं हे कुठे लिहिलेलं नसतं. ते ओळखायला त्यांनी नळ्यांची तोंडं दोन बाटल्यांत सोडली आणि मला किल्लीवर बसवलं. मी किल्ली फिरवली, एका बाटलीत चूळ भरल्यासारखं तेल आलं, "आगु!" असा आवाज आला आणि मी किल्ली बंद केली. तेवढंच माझं काम, पण मी ते इतक्या मन लावून केलं की पाठीला घाम फुटला. कूलर त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवला, एसीच्या जाळीपासून बोटभर अंतर राखून. काही जण प्लास्टिकचे बंद जाळीतूनच ओवून कूलर बांधतात, त्यांच्याबद्दल ते जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

आता ते गॅरेज नाही. मामांना दिसायला कमी झालं आणि लेक त्यांना नि नरसम्मांना हैदराबादला घेऊन गेली. शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. अधूनमधून मी फोन करते, ते आधी गाडीच्या पोटाची चौकशी करतात आणि मग माझी. पण मामा म्हटलं की मला आठवते ती त्या मेमधली दुपार, गाडीच्या परीक्षेची.

मामांची चाचणी गल्लीतून फेरी मारण्याची नसे. माणूस रोज जिथे जातो तिथवर, त्या रस्त्यानं, तापलेल्या उन्हात. आणि चालवायची ज्याची त्यानं. मामा मागच्या सीटवर बसणार. दोन वाजता आम्ही निघालो. "एसी लावा. मोठा लावा. पोटाला तरास झाला पायजे," असा हुकूम होता. शहराबाहेर रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूची वाहतूक बंद आणि सगळ्या गाड्या मातीच्या कच्च्या वळणावरून. तिथे आम्ही अडकलो. दोन पावलं पुढं, थांबा, पुन्हा दोन पावलं. याच खेळात माझी गाडी दर वेळी मान टाकायची. पुढे टँकर, मागे एसटी. माझा डावा पाय, ज्याला या गाडीत काहीच काम नाही, तोही ताठ झाला.

वळणावरचा चढ आला. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गरजलं आणि गाडी हलली नाही.

संपलं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. जून, सुनीलचं 'मी बघतो', मागची सीट, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. एसटीवाला हॉर्न देत होता.

"आगु," मागून आवाज आला, अगदी शांत. "बाई, ब्रेकवरनं दुसरा पाय काडा."

मी खाली पाहिलं. भीतीनं मी माझा तो बिनकामाचा डावा पाय ब्रेकवर दाबून धरला होता. कुणाला वाटेल, ज्या पायात ताकद नाही म्हणून ही सगळी यातायात, त्यात एवढी ताकद आली कुठून! मी पाय हातानं उचलून बाजूला ठेवला. गाडी चढावर अशी सरळ चढली, की टँकरला लागते की काय. मागून मामांच्या हसण्याचा आवाज आला आणि मी हसता हसता रडले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

वळसंगला शाळेच्या फाटकापाशी थांबलो. सुट्टीत फाटकाला कुलूप होतं. मामांनी इंजिन बंद करू दिलं नाही. बॉनेट उघडून पट्टी काढली आणि नव्या तुकड्यावर थेंब टेकवला. ठिपका लाल होता, कडेपर्यंत लाल. मग त्यांनी माझा हात धरून आधी जाणाऱ्या नळीजवळ नेला. धग लागली, मी हात मागे घेतला. मग परतणाऱ्या नळीवर ठेवला. कोमट होती. नुकत्याच निवलेल्या चहाच्या कपासारखी. मी हात काढलाच नाही.

"वाचली," मामा म्हणाले. बॉनेट पाडलं, हात पुसले आणि फाट्याकडं चालू लागले.

"मामा, अहो गाडी इकडे आहे."

"मी जीपनं यीन. तुमी जावा."

"एकटी?"

"मग? मी मागं हाय म्हनून तुमी धीरानं आलात. त्येनं गाडी कळली. आता तुमचं तुमाला कळू द्या."

"आणि बंद पडली तर?"

"तर फोन करा की. मी काय मेलोय का?"

मी स्टिअरिंगला धरून बसून राहिले. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सोडायला आलेली माणसं खूप होती. मला सोडून, पायी निघून जाणारा हा पहिलाच. आरशात ते दिसत होते. फाट्यावर एका बाईनं कलिंगडं मांडली होती. मामा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि एकेक कलिंगड कानाशी धरून टिचकी मारू लागले. मी हॉर्न दिला. त्यांनी मान वळवली नाही. गाडी निघते का, आवाज कसा येतोय, काही काही पाहिलं नाही. फक्त दुसरं कलिंगड उचललं.

मी गिअर 'डी'वर टाकला आणि सोलापूरचा रस्ता धरला.